एका वाक्याची माणसं

'द सिम्पसन्स' बघणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट असतात. एका गटाला होमर आवडतो. दुसरा गट होमरच्या मागे, बारच्या कोपऱ्यात नाहीतर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे बघत बसतो. मी दुसऱ्या गटातला. स्टार वर्ल्डवर ही मालिका लागायची तेव्हा निम्मे अमेरिकन संदर्भ डोक्यावरून जायचे. पण काठी टेकत निघालेल्या हॅन्स मोलमनचं आज काहीतरी वाईट होणार, हे कळायला कुठलाही संदर्भ लागत नसे :)

तर मंडळी, आज या मागच्या माणसांबद्दल. आणि त्यातल्या एकाबद्दल जरा जास्त, कारण त्याच्यावर अन्याय झालाय असं माझं ठाम मत आहे. दोनदा झालाय. पहिल्या अन्यायावर भरपूर लिहून-बोलून झालंय. दुसऱ्याकडे मात्र लोक न्याय म्हणून बघतात, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १७ डिसेंबर १९८९ ला अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर ती सुरू झाली आणि अजून चालू आहे. साडेसातशेहून जास्त भाग झालेत. आई-बाप, तीन मुलं, गावाचं नाव स्प्रिंगफील्ड. कोणाचंही वय वाढत नाही. बार्ट तेव्हा दहा वर्षांचा होता, आजही दहाचाच आहे. आता पाच जणांच्या एका घरातून साडेसातशे गोष्टी कशा काढणार? नाहीच निघत. मालिका टिकली ती गावामुळे. आणि गाव म्हणजे ही माणसं, ज्यांच्या वाट्याला प्रत्येक वेळी जेमतेम एक वाक्य येतं.

गिल घ्या. पडलेले खांदे, ढगळ सूट, कायम नोकरी जायच्या बेतात असलेला सेल्समन. तो डिसेंबर १९९७ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि तेव्हापासून त्याचं एकही गिऱ्हाईक पक्कं झालेलं मला आठवत नाही. डिस्को स्टू डिस्कोच्या जमान्यात अडकलाय. डॉ. निक आत येतो, सगळ्यांना 'हाय एव्हरीबडी' करतो आणि पेशंटच्या जिवावर उठतो. मोलमन तर इतक्या वेळा मेलाय की मोजदाद सोडून द्यावी. पुढच्या आठवड्यात हजर. १९९३ च्या एका भागात तो सांगतो की दारूने आपलं वाटोळं केलं आणि आपण फक्त ३१ वर्षांचे आहोत. दिसतो नव्वदीचा. एका वाक्यात अख्खा माणूस उभा!

आपल्या भाषेत सांगायचं तर ही छोटी फंक्शन्स आहेत. एकच काम करायचं, नीट करायचं आणि रिटर्न व्हायचं. गंमत म्हणजे हे सगळं गाव मोजून अर्ध्या डझन गळ्यांतून बोलतं. हॅरी शीअरर म्हणजे बर्न्ससाहेब आणि त्यांचा होयबा स्मिदर्स, दोघंही. म्हणजे मालक आणि नोकर बोलत असतात तेव्हा एकच माणूस स्वतःशी बोलत असतो. मो, चीफ विगम, प्रोफेसर फ्रिंक, डॉ. निक हे सगळे हँक अझारिया. होमर, क्रस्टी, विली, मोलमन, गिल हे डॅन कॅस्टेलनेटा. (हापिसात एकच माणूस डेव्हलपर, टेस्टर आणि सपोर्ट असतो, तसंच काहीसं. फक्त यांना पैसे बरे मिळतात.)

या छोट्या माणसांचं सोनं बघायचं असेल तर १४ एप्रिल १९९६ चा 'ट्वेंटी टू शॉर्ट फिल्म्स अबाउट स्प्रिंगफील्ड' हा भाग बघा. त्यात सिम्पसन कुटुंब बाजूला सारून गावातल्या लोकांचे छोटे-छोटे तुकडे जोडलेत. त्यातला बिल ओकलीने लिहिलेला तुकडा आज 'स्टीम्ड हॅम्स' म्हणून जगभर माहीत आहे. मुख्याध्यापक स्किनरने शिक्षणाधिकारी चाल्मर्सला जेवायला बोलावलंय. ओव्हनमधलं मटण करपतं. स्किनर खिडकीतून उडी मारून समोरच्या दुकानातून बर्गर आणतो आणि आपणच केलेत असं ठोकून देतो. म्हणे आमच्याकडे यांना 'स्टीम्ड हॅम्स' म्हणतात. चाल्मर्स म्हणतो, मी युटिकाचा, मी तर असं कधी ऐकलं नाही. यावर स्किनर: युटिकात नाही, हे ऑल्बनीकडचं आहे. (सातारच्या पाहुण्याने शंका काढल्यावर 'हे कोल्हापूरकडचं' म्हणून वेळ मारून न्यावी, अगदी तसं.) तोवर स्वयंपाकघर पेटलेलं असतं. हा उजेड कसला, तर उत्तर ध्रुवावरचा प्रकाश! या मोसमात, या वेळी, देशाच्या या भागात आणि तोही फक्त तुझ्या स्वयंपाकघरात? हो. बघू शकतो का मी? नाही.

आणि चाल्मर्स निघून जातो. तीन मिनिटंसुद्धा होत नाहीत.

मी हा तुकडा किती वेळा पाहिला असेल देव जाणे, आणि दरवेळी चाल्मर्सकडेच लक्ष जातं. तो प्रत्येक वेळी बरोबर तोच प्रश्न विचारतो ज्यावर स्किनर उघडा पडला पाहिजे, आणि प्रत्येक वेळी उत्तर गिळतो. त्याचं लग्न झालंय का, तो कुठे राहतो, लहानपणी त्याला कोणी मारलं होतं का, काही माहीत नसतं आणि लागतही नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९७ मध्ये, लेखकांना स्किनरला भूतकाळ द्यायची हौस आली. कळलं की हा खरा स्किनर नाहीच, दुसऱ्याचं नाव घेऊन राहणारा आर्मिन टॅमझेरियन नावाचा माणूस आहे. चाहते खवळले. शीअररलाही ते आवडलं नाही, त्याने ते उघड बोलून दाखवलं. भागाच्या शेवटी जज्ज हुकूमच काढतो की हा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही! माझा अनुभव असा की भूतकाळ दिला की ही माणसं मोठी होत नाहीत, नुसती लांबतात. कार्ल आइसलंडमध्ये वाढला हेही कळलं. काय फरक पडला? लेनी आणि कार्ल त्याच बारमध्ये, त्याच स्टुलांवर.

असो. म्हणजे या लोकांकडे असतं काय, तर एक वाक्य आणि ते म्हणणारा आवाज. त्यामुळे आवाज गेला की काय करायचं, हा या गावातला सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. आणि मालिकेने तो एकेकाळी फार शहाणपणाने सोडवला होता.

फिल हार्टमन नावाचा नट होता. बोगस वकील लायनेल हट्झ आणि पडेल सिनेमांचा हिरो ट्रॉय मक्लूर हे दोघं त्याचे. मे १९९८ मध्ये त्याचा खून झाला. दुसरा आवाज शोधता आला असता, पण त्यांनी शोधला नाही. दोन्ही पात्रं थांबवली. पुढे सिम्पसन घराण्याला वकील लागला की बिचारा गिल कोर्टात उभा राहू लागला. खुर्ची भरली, पण हट्झचं नाव कोणाला दिलं नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये मार्शा वॉलेस गेली, तेव्हा बार्टच्या बाई एडना क्रबॅपल यांचंही तसंच झालं. सुरुवातीला बार्ट फळ्यावर शिक्षा म्हणून तेच-तेच वाक्य लिहीत असतो ना? त्या आठवड्यात त्याने एकदाच लिहिलं, की बाई, तुमची आठवण येईल. संपलं.

म्हणजे स्प्रिंगफील्डमध्ये कायमचं गप्प करणं हा मेलेल्यांना दिलेला मान आहे.

आता अपू.

अपू नाहासापीमापेटिलॉन, क्विकी-मार्टचा चालक, २५ फेब्रुवारी १९९० ला पहिल्यांदा पडद्यावर आला. नाव सत्यजित रायांच्या अपूवरून, ही बंगाली मित्रांची कॉलर ताठ करणारी माहिती. पण आपल्या बिरादरीसाठी खरी माहिती वेगळीच: अपू कॉम्प्युटर सायन्सचा डॉक्टर आहे! कलकत्त्याच्या तांत्रिक संस्थेत सत्तर लाखांच्या वर्गात पहिला आलेला, मग अमेरिकेत पीएचडी. त्याचा प्रबंध म्हणजे पंच कार्डांचा ढीगभर पसारा वापरून केलेला फुली-गोळ्याचा प्रोग्राम, ज्याला फक्त अतिशय निष्णात खेळाडूच हरवू शकतात. शिक्षणाचं कर्ज फेडायला दुकानात नोकरी धरली, कर्ज फिटलं, तोवर गावात मित्र झाले होते, म्हणून राहिला. ही गोष्ट ५ मे १९९६ च्या 'मच अपू अबाउट नथिंग' या भागातली. लेखक डेव्हिड कोहेन, जो स्वतः बर्कलीचा कॉम्प्युटर सायन्सवाला. आपल्यापैकी कितीजणांचं ऑनसाइट नेमकं याच क्रमाने कायमचं झालं, ते सांगायला नको.

हा भाग नीट बघा. गावात एक अस्वल शिरतं. लोक ओरडतात म्हणून महापौर अस्वल-पथक नेमतो. त्यासाठी पाच डॉलर कर बसतो. लोक पुन्हा ओरडतात. मग महापौर सांगतो, कर वाढला तो बेकायदा परदेशी लोकांमुळे. लगेच त्यांना हाकलायचा ठराव मतदानाला येतो. अपूचा व्हिसा कधीच संपलेला असतो. तो गुंडाकडून खोटे कागद घेतो, काउबॉय हॅट घालतो, बेसबॉलचा टी-शर्ट चढवतो आणि गावठी अमेरिकन हेल काढून बोलायला लागतो. थोडा वेळ जमतं. मग एकदम त्याला स्वतःची लाज वाटते. आईबापांनी दिलेलं सगळं आपण टाकून दिलं म्हणून तो तो हेल सोडून देतो. शेवटी रीतसर परीक्षा देऊन नागरिक होतो. परीक्षेत गृहयुद्धाचं कारण विचारतात तेव्हा हा सविस्तर सांगायला लागतो, तर साहेब म्हणतो, बाबा रे, नुसतं गुलामगिरी म्हण. (व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हे समजेल. जास्त माहिती हा गुन्हा आहे.) ठराव मात्र ९५ टक्क्यांनी पास होतो, आणि बोटीत बसवून गावाबाहेर काढला जातो तो शाळेचा स्कॉटिश माळी, विली.

म्हणजे १९९६ साली आपला माणूस राहिला आणि स्कॉट हद्दपार झाला. पुढे विली परत आला आणि आजही ओरडतोय. अपू मात्र गप्प आहे.

या दोघांच्या आवाजांच्या जन्मकथाही शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. विली १९९१ चा. मूळ कागदावर तो नुसता तापट सफाई कामगार होता. कॅस्टेलनेटाला सांगितलं, काहीतरी हेल लाव. त्याने आधी स्पॅनिश लावला. सॅम सायमन म्हणाला, फारच घिसापिटा. मग स्वीडिश. तोही नको. तिसऱ्यांदा स्कॉटिश, आणि तो ठरला. अपूच्या बाबतीत लेखक माइक रीस सांगतो की क्लार्क भारतीय नको, ते घिसंपिटं होईल, असं स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं. अझारियाने वाचनाच्या वेळी भारतीय हेल काढला, लोक हसले, आणि तो ठरला. 'घिसापिटा' हा शब्द दोन्हीकडे आला होता. एकीकडे त्याने अडवलं. दुसरीकडे हशा पिकला म्हणून तो खोडला गेला.

आणि तो हेलही अस्सल नव्हता. अझारियाने स्वतः सांगितलंय की त्याच्या डोक्यात 'द पार्टी'मधला पीटर सेलर्स होता. १९६८ चा सिनेमा, तोंडाला रंग फासून भारतीय झालेला इंग्रज नट. म्हणजे नकलेची नक्कल. आपणही फार लांब नव्हतो बरं का. त्याच १९६८ साली आपल्याकडे 'पडोसन'मध्ये मेहमूद मद्रासी मास्टरजी झाला होता आणि अख्खा उत्तर-पश्चिम भारत खुर्चीतून पडत होता. आणि हिंदी सिनेमातला मराठी हवालदार? मराठी कामवाली बाई? तीही एका वाक्याचीच माणसं. आपल्याला ती खटकतात. पण आपल्या पोराला चॅनल बदलला की मराठी नायक, मराठी खलनायक, मराठी वकील, मराठी भूतसुद्धा दिसतं. हवालदार हा अनेकांतला एक होऊन जातो.

माझ्या मते पहिला अन्याय इथे आहे. वात्रट चित्रण हा गुन्हा नाही, सगळं स्प्रिंगफील्डच वात्रट चित्रण आहे. गुन्हा एकटेपणाचा होता. अमेरिकेतल्या शाळेत एखाद्या स्कॉटिश पोराला कोणी विली म्हणून चिडवलं तर तो शॉन कॉनरीकडे बोट दाखवू शकत होता. नव्वदच्या दशकातल्या भारतीय पोराने टीव्हीवर कोणाकडे बोट दाखवायचं? सगळा देश एका क्लार्कच्या तोंडून बोलत होता, आणि ते तोंडही उसनं.

माझा एक मित्र २००४ साली ऑनसाइटला गेला. पहिल्याच आठवड्यात मीटिंग संपल्यावर टीममधला एकजण हसत त्याला म्हणाला, 'थँक यू, कम अगेन'. अपूच्या सुरात. मित्राने मालिका पाहिलेलीच नव्हती. त्याला वाटलं, काय सभ्य माणसं आहेत ही! त्यानेही मान डोलावून थँक यू म्हटलं. सगळे आणखी हसले. हे तीन महिने चाललं. मग एका रविवारी हॉटेलवर टीव्ही लावला आणि त्याला अपू दिसला. सोमवारी तो मीटिंगमधून सगळ्यांच्या आधी उठला, आणि मग रोजच आधी उठायला लागला. हे सांगताना तो हसतो. दोन दशकं झाली, पण अजूनही ते हसू जरा उशिराच येतं.

तेव्हा हरी कोंडाबोलू या कॉमेडियनने २०१७ मध्ये 'द प्रॉब्लेम विथ अपू' काढली तेव्हा ती रास्तच होती. मालिकेचं उत्तर मात्र भिकार होतं. एप्रिल २०१८ च्या एका भागात लिसा सरळ प्रेक्षकांकडे बघून म्हणते की एकेकाळी टाळ्या मिळवणारी गोष्ट आज चुकीची ठरते, काय करणार? शेजारी अपूचा फोटो. मार्ज म्हणते, काही गोष्टी नंतर बघता येतील. लिसा म्हणते, बघितल्या तर. आणि हे लिसाच्या तोंडी, जी गावात सगळ्यांची बाजू घेते! सरकारी कचेरीतलं 'बघू, नंतर या' याहून वेगळं काय?

जानेवारी २०२० मध्ये अझारियाने जाहीर केलं की तो आता अपूचा आवाज देणार नाही. २०२१ मध्ये त्याने माफीही मागितली, आणि मला ती मनापासूनची वाटली. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्यानंतर जे झालं त्यावर.

जून २०२० मध्ये ठरलं की गोऱ्या नटांनी इतर वंशांच्या पात्रांचे आवाज द्यायचे नाहीत. छान. कार्लला ॲलेक्स डेझर्ट मिळाला. मधमाशीच्या वेशातल्या मेक्सिकन विदूषकाला एरिक लोपेझ मिळाला. २०२१ मध्ये डॉ. हिबर्टला केव्हिन मायकेल रिचर्डसन मिळाला. २०२४ च्या शेवटी पामेला हेडन निवृत्त झाली तर मिलहाऊसला केली मॅक्लाउड मिळाली. कोणाचं काही अडलं नाही. अपूला? कोणी नाही. तो गर्दीत उभा दिसतो. सभेला येतो, रांगेत असतो, दुकानही आहे. फक्त बोलत नाही. चुकीचा कोड दुरुस्त करायच्या ऐवजी कमेंट करून ठेवतात आणि पुढच्या रिलीजला कोणी विचारत नाही, तसं.

लोक म्हणतात, बरं झालं, अपमानकारक पात्र बंद पडलं. मला हे पटत नाही. ज्याच्यावर आक्षेप होता तो आवाज गेला, पण त्याबरोबर गावातल्या एकमेव भारतीय दुकानदाराची जीभही गेली. त्याला हार्टमन आणि वॉलेसबाईंच्या रांगेत बसवला, आणि ते दोघं तर देवाघरी गेलेत. जिवंत माणसाला तो मान दिला की त्याला हद्दपारी म्हणतात, फक्त बोट दिसत नाही. खुद्द कोंडाबोलूनेही त्याला काढून टाका असं म्हटलं नव्हतं. २०१८ मध्ये अपू जाणार अशी आवई उठली तेव्हा त्याने उघड नाराजी व्यक्त केली होती, की न काढताही कितीतरी करता आलं असतं. करणारे लोकही आहेत. २०१६ मध्येच उत्कर्ष आंबुडकरने अपूच्या पुतण्याचा, जयचा, आवाज दिला होता. अस्सल अमेरिकेत वाढलेला पुतण्या, काकाची खिल्ली उडवणारा. तो भाग बरा होता. म्हणजे दरवाजा कुठे आहे हे यांना माहीत होतं.

आणि गप्प माणसाचं दुःख यांना कळत नाही असंही नाही. मोच्या बारमध्ये लॅरी नावाचा एक दारुडा पहिल्या भागापासून बसलेला असायचा, जवळपास न बोलता. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी त्याला मारला, आणि होमर-मो-लेनी-कार्ल या चौघांना अपराधी वाटतं यावर अख्खा भाग केला. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, याचं. चांगला भाग आहे, डोळ्यांत पाणी आणतो. पण मला बघताना सारखं वाटत होतं, अरे लेको, दुकानात जाऊन बघा की एकदा. तिथेही एकजण बरीच वर्षं बोललेला नाही.

मला अपूवर खास भाग नकोय. समेटाचं भाषण नको, लिसाचा पश्चात्ताप नको, आइसलंडसारखा नवा भूतकाळ तर अजिबात नको. एखादा भारतीय नट घ्यावा, त्याच्या स्वतःच्या सुरात. होमरने शिळा हॉटडॉग उचलून काउंटरवर ठेवावा, आणि अपूने मान वर न करता किंमत सांगावी.